थेंब खरे, हवा खोटी

प्रयोगांतील प्रमादांचा विचार निघाला म्हणजे घड्याळ, तराजू आणि पाहणाऱ्याचा डोळा यांकडेच प्रथम बोट जातें. परंतु दुसऱ्याकडून उसना घेतलेला आंकडा हा कधीं कधीं सर्वांत चोरटा प्रमाद ठरतो. रॉबर्ट मिलिकन यांनीं शिकागो येथें केलेल्या तैलबिंदूंच्या प्रयोगाचा इतिहास आम्हांस याच कारणानें महत्त्वाचा वाटतो.

इलेक्ट्रॉनचा विद्युद्भार मोजणें हा त्यांचा हेतु. धातूच्या दोन तबकड्यांमध्यें तेलाचा तुषार सोडावयाचा, त्यांतील एक थेंब दुर्बिणींतून हेरावयाचा, तो स्वतःच्या वजनानें किती सावकाश पडतो हें पाहावयाचें, आणि मग विजेच्या ओढीनें त्यास वर चढवावयाचें! प्रथम पाण्याचे थेंब घेत. ते पाहतां पाहतां आटत, म्हणून तेल आलें. अतिसूक्ष्म थेंबास हवेचा अडथळा स्टोक्सच्या नियमाहून कमी होतो, हें ओळखून मिलिकन यांनीं तो नियमही सुधारून घेतला. प्रमाद शोधण्यांत त्यांनीं कसूर केली नव्हती. १९१३ सालीं ५८ थेंबांवरून त्यांनीं जाहीर केलेलें उत्तर असें: विद्युद्भाराच्या स्थिर-विद्युत् एककाचे एक हजार कोटी भाग केले, तर त्यांतील ४.७७४ भाग.

पण थेंबाची त्रिज्या मोजली कोणीं? ती पडण्याच्या वेगावरून गणितानें काढावी लागते, आणि त्या गणितांत हवेचा चिकटपणा लागतो. हा आंकडा निराळ्या प्रयोगांतून घेतलेला होता. तो चुकला तर सर्व थेंब सारखेच चुकणार. ते परस्परांशीं जुळतील, आणि तरीही उत्तर खोटें येईल.

चूक उघडकीस आली ती अगदीं परक्या वाटेनें. १९२८ च्या सुमारास बारीक रेघा आंखलेल्या कांचेवरून क्ष-किरणांची तरंगलांबी मोजूं लागले. तीवरून स्फटिकांतील अणूंचें अंतर, अंतरावरून अणूंची संख्या, आणि शेवटीं विद्युद्भार, असें गणित केलें असतां उत्तर ४.८० च्या आसपास आलें. कांहींनीं दोष स्फटिकांच्याच माथीं मारला! अखेर १९३५ च्या सुमारास हवेचा चिकटपणा नव्यानें मोजला, तेव्हां जुना आंकडा हजारांत सुमारें चारांनीं कमी निघाला. विद्युद्भारांत ही चूक दीडपट होऊन उतरते, म्हणजे हजारांत सहा. आणि नेमकी तेवढीच तफावत होती.

मागाहून मोजणारे मिलिकनहून फार वेगळें उत्तर आलें तरच आपल्या प्रयोगांत खोट शोधीत, अशी टीका रिचर्ड फाइनमन यांनीं १९७४ सालीं केली. ती मार्मिक आहे. तथापि क्ष-किरणवाल्यांनीं आपला न जुळणारा आंकडा दडपला नाहीं, हें श्रेय आम्ही त्यांस देतों. २०१९ पासून हा भार मोजावयाचा राहिलाच नाहीं. तो व्याख्येनेंच ठरविला आहे, आणि त्या जुन्या मापांत तो ४.८०३ भरतो.