बेडकाची गोष्ट आणि भाषेचा अभ्यास

काचेच्या बरणीत ठेवलेला बेडूक रात्री पळून जातो. सकाळी एक मुलगा आणि त्याचा कुत्रा त्याच्या शोधात रानात जातात. वाटेत मधमाश्या, घुबड, हरीण यांच्याशी त्यांची गाठ पडते आणि अखेरीस एका ओंडक्यामागे बेडकाचे सारे कुटुंबच सापडते. अमेरिकी चित्रकार मर्सर मेयर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकात २४ चित्रे आहेत. गोष्ट सांगणारा शब्द मात्र एकही नाही. मूल भाषा कसे आत्मसात करते याचा शोध घेणाऱ्या संशोधकांना हा अबोलपणाच उपयोगी पडला.

शब्दांचे अर्थ विचारले, तर मुलाला किती शब्द येतात एवढेच कळते. गोष्ट सांगताना मात्र कोण, कोठे, आधी काय, नंतर काय आणि कशामुळे, हे सारे त्याला एकाच वेळी सांभाळावे लागते. विल्यम लबॉव्ह व जोशुआ वॅलेट्स्की यांनी १९६७ मध्ये सामान्य माणसांच्या तोंडी आठवणींची रचना उलगडून दाखवली होती. घटनांचा क्रम आणि त्या घटनेचे सांगणाऱ्याला वाटणारे महत्त्व, अशी दोन्ही अंगे गोष्टीला असतात, हा त्यांचा मुद्दा पुढील अभ्यासाचा पाया ठरला.

तेल अवीव विद्यापीठातील रूथ बर्मन आणि बर्कले येथील डॅन स्लोबिन यांनी बेडकाची चित्रे इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू व तुर्की बोलणाऱ्यांसमोर ठेवली. सांगणारे तीन, चार, पाच व नऊ वर्षांची मुले आणि प्रौढ होते. १९९४ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तीन वर्षांचे मूल बहुधा ‘हा मुलगा, हा कुत्रा’ असे एकेका चित्राचे वर्णन करते, पुढे ‘आणि मग’ने घटना जोडल्या जातात, नवव्या वर्षापर्यंत शोधाचे सूत्र गोष्टभर टिकू लागते. हरणाचा प्रसंग विशेष बोलका आहे. मुलगा फांद्या समजून जे धरतो, ती हरणाची शिंगे असतात. ‘त्याला वाटले’ हे दोन शब्द आल्याखेरीज हा प्रसंग नीट सांगताच येत नाही, आणि लहान मुलांच्या कथनात नेमके तेच राहून जातात.

ढोलीतून घुबड बाहेर पडते, त्या चित्राने वेगळीच गोष्ट उघड केली. इंग्रजी बोलणारे घुबड कसे बाहेर आले, हे क्रियापदातच सांगून टाकतात. स्पॅनिश बोलणारे ते ‘निघाले’ एवढ्यावर थांबतात. मराठीतही निघणे, शिरणे, चढणे, उतरणे अशा क्रियापदांत दिशा सामावलेली असते आणि ‘उडत’, ‘धावत’ हे वेगळे जोडावे लागते. बोलण्यासाठी म्हणून आपण जो विचार करतो, त्याला मातृभाषाच वळण लावते, असे स्लोबिन यांचे प्रतिपादन होते. मोठेपणी दुसरी भाषा शिकताना हे वळण सहजासहजी सुटत नाही, असेही त्यांनी म्हटले. व्याकरण बिनचूक असूनही शिकणाऱ्याचे कथन परके का वाटते, याचे एक उत्तर येथे मिळते. व्याकरणाच्या तक्त्यांतून ते मिळणे कठीण.

तथापि गोष्ट ऐकणाऱ्याचे कान कसे आहेत, यावरही बरेच अवलंबून असते. सेरा मायकल्स यांनी बर्कले येथील पहिलीच्या वर्गात मुले रोज सांगत असलेल्या अनुभवांचा अभ्यास करून १९८१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. गोरी मुले बहुधा एकाच विषयाला धरून बोलत आणि शिक्षिकेच्या प्रश्नांनी त्यांची गोष्ट फुलत जाई. काही कृष्णवर्णीय मुले, विशेषतः मुली, अनेक प्रसंग एकामागून एक गुंफत. त्यांतील धागा सुरावटीतून सूचित होई. शिक्षिकेला ते भरकटणे वाटे, ती मध्येच अडवी. पुढे कोर्टनी केझडन व मायकल्स यांनी अशाच गोष्टी एकाच प्रौढ आवाजात ध्वनिमुद्रित करून ऐकवल्या. गोऱ्या श्रोत्यांना त्या विस्कळीत वाटल्या आणि असे मूल शाळेत मागे पडेल असाही अंदाज व्यक्त झाला. कृष्णवर्णीय श्रोत्यांनी मात्र त्यांना दाद दिली. गोष्ट तीच होती.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ हा प्रश्न चांगलाच परिचित आहे. मुद्दे पुरवलेले, शीर्षक आणि तात्पर्य अपेक्षित! परीक्षा तपासण्याच्या दृष्टीने ही सोय खरी, परंतु गोष्ट जुळवण्याचे अर्धे काम तेथे मुलाच्या हातून काढून घेतलेले असते.

शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, म्हणजे तेथील लॅबोरेटरी स्कूल्समध्ये, अनेक वर्षे बालवर्गाला शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली (१९२९–२०१९) यांची रीत नेमकी उलट होती. मूल गोष्ट सांगे आणि पेली ती त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवीत. न समजलेले विचारीत, पण गोष्टीला वळण लावीत नसत. नंतर सारा वर्ग गोल बसे, पेली ती मोठ्याने वाचीत आणि मुले ती करून दाखवीत. एखाद्याची गोष्ट दोनच वाक्यांची असली, तरी तीही रंगमंचावर येई. या कामासाठी १९८९ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली.