आठ खांदेकरी

बर्गंडीचा सरदार फिलिप पो याने १४८० च्या सुमारास, हयातीतच, फ्रान्समधील सितोच्या मठासाठी आपली समाधी घडवून घेतली. उत्तर-गॉथिक शिल्पकलेचा हा अपूर्व नमुना आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. शिळेवर चिलखतधारी सरदार हात जोडून पहुडला आहे. काळ्या झग्यांतील आठ खांदेकरी ती शिळा वाहत आहेत. बर्गंडीच्या आधीच्या समाध्यांवर शोकमग्न मूर्ती हातभर उंचीच्या, चौथऱ्यावरील कमानींखाली असत. या शिल्पकाराने त्यांना बाहेर आणून जवळजवळ माणसाएवढे केले आणि मृताचा भार त्यांच्या खांद्यावर दिला. चेहरे वस्त्राआड झाकलेले. शोक प्रकटतो तो वाकलेल्या मानांतून. प्रत्येकाजवळील ढालीवर सरदाराच्या कुळाचे चिन्ह आहे. शिल्पकाराचे नाव मात्र इतिहासाने राखले नाही. तरीही पाहणाऱ्याची दृष्टी खिळते ती त्या खांदेकऱ्यांवरच.