वहीतली लीग

फँटसी लीग म्हटलं की हल्ली मोबाईल, क्रिकेटपटूंच्या जाहिराती आणि कोटीचं बक्षीस आठवतं. आमच्या आत्याला तर तो सरळसरळ जुगारच वाटतो, आणि ती अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण या खेळाचा जन्म दोस्तांच्या टेबलावर झालाय, आणि आमच्याकडे बारामती-इंदापूर रस्त्यावर तो २००८ पासून एका दोनशेपानी वहीत चालू आहे. म्हणून म्हटलं, एकदा लिहून ठेवावं.

१९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखक-संपादकानं मित्रांना जमवून बेसबॉलची अशी लीग काढली. खऱ्या खेळाडूंचा आपसात लिलाव करायचा, आपापला संघ बांधायचा, आणि ते खेळाडू वर्षभर खऱ्या सामन्यांत जे काही करतील त्यावर आपले गुण. ज्या हॉटेलात ही मंडळी जेवायला जमत त्याच्या नावावरून 'रोटिसरी' हे नाव पडलं. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, ओकलंडला अमेरिकन फुटबॉलवर असाच खेळ निघाला होता आणि तो तिथल्या एका बारमधून पसरला. गंमत म्हणजे ओक्रेंट स्वतः काढलेली लीग कधी जिंकलाच नाही म्हणतात!

आमचा बार म्हणजे भवानीनगरची चहाची टपरी. छत्रपती कारखान्याच्या गावात, त्यामुळे बारामतीवाले आणि इंदापूरवाले दोघांच्याही वाटेवर. आम्ही आठ जण. एप्रिल २००८ मध्ये आयपीएल सुरू व्हायच्या आठवड्यात आमचा मेडिकलवाला म्हणाला, ते करतायत लिलाव, आपण का नाही? प्रत्येकाला हजार रुपये, अर्थात खोटे. एका धावेला एक गुण, बळीला वीस, झेलाला दहा. बस्स, एवढाच नियम.

त्या वर्षी कुणालाच काही कळत नव्हतं. मोठ्या नावांवर पैसे उधळून सगळे मोकळे झाले. सोहेल तन्वीर एकाला अगदी शेवटी, उरल्यासुरल्या पैशात मिळाला. त्यानं २२ बळी घेतले, त्यात चेन्नईविरुद्ध १४ धावांत ६. शॉन मार्शला तर कुणी विचारलंच नाही, आणि त्याच्या ६१६ धावा स्पर्धेत सर्वांत जास्त निघाल्या. गोव्याचा स्वप्निल अस्नोडकर ज्याच्याकडे होता तो महिनाभर टपरीवर कॉलर ताठ करून बसायचा. (त्याला विचारा, अजूनही सांगेल.)

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. अर्धा सामना पाहायचा, उरलेला अंधारात. गुण मांडायचे ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरवरून, आणि उशिरा संपलेल्या सामन्याचा पूर्ण धावफलक गावाकडच्या आवृत्तीत असेलच असं नाही. मग पुण्यातल्या कुणाला तरी फोन. एका झेलावरून दोन दिवस भांडण चाललेलं मला आठवतंय. झेल यष्टिरक्षकाचा की स्लिपमधल्याचा, एवढंच!

बक्षीस नव्हतं, दंड होता. जो शेवटचा येईल त्यानं सगळ्यांना भिगवणला मासे खायला न्यायचं. उजनीच्या पाण्यातली चिलापी, भाकरी, रस्सा. आमच्यात एक माळकरी आहे, त्याच्यासाठी शेवभाजी. आणि हे सगळं पालखी यायच्या आत उरकायचं. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, त्या दिवसांत आमच्यातले निम्मे तिच्या सेवेत असतात.

ड्रीम११ ही कंपनी हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत काढली, तीही २००८ सालीच. २०१२ च्या सुमारास त्यांनी एका सामन्यापुरता खेळ आणला. माझ्या मते खरा बदल तिथे झाला. हंगामभर चालणाऱ्या खेळात नशीब इकडेतिकडे होऊन जातं, आणि समोरचा कोण ते ठाऊक असतं. एका सामन्यात समोर लाखो अनोळखी माणसं, आणि निकाल रात्रीच. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि हे टपरीपर्यंत पोचलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा कौशल्याचा खेळ मानला, २०२० मध्ये तर आयपीएललाच त्यांचं नाव लागलं. कौशल्य लागतंच हो, ते मी नाकारत नाही. पण भिशी आणि लॉटरी दोन्हींत पैसेच असतात, म्हणून त्या एक होत नाहीत.

आमच्यातला एक जण त्या काळात गळाला. निमगावच्या बाजूचा, थोडं डाळिंब आणि ऊस. कुठली ॲपं ते सोडा, चार-पाच होती. उसाचं बिल जमा झालं की आठवड्यात खातं मोकळं. त्याच्या भावाकडून कळलं तेव्हा ट्रॅक्टरचे हप्ते थकले होते. आम्ही घरी गेलो तर भेटला नाही, फोन उचलेना. वहीत मात्र दर वर्षी त्याच्या नावाचा रकाना आखला जायचा. मेडिकलवाला आखायचा, आम्ही कुणी काही बोलायचो नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशावरचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. ड्रीम११ नंही पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. कायदा चांगला की वाईट यावर टपरीवर दोन तट आहेत. ज्यांची नोकरी अशा कंपन्यांत होती त्यांचं काय, हा माळकऱ्याचा प्रश्न मला रास्त वाटतो.

दिवाळीनंतर निमगावहून मेडिकलवाल्याला फोन आला. "आरं, वहीत जागा हाय का?"

"जागा हाय," तो म्हणाला, "पण २०१९ ला तू शेवटचा आलावतास. भिगवण बाकी हाय."

गेल्या रविवारी आम्ही आठही जण भिगवणला जाऊन आलो. बिल त्यानंच दिलं, कुणाला हात लावू दिला नाही. वहीत त्या नोंदीवर काट मारलीय.