शंभर रुपये आणि पाच मैल

माझा एक मित्र आर्किटेक्ट आहे. मागच्या शनिवारी त्याच्या ऑफिसची मंडळी नागपूरहून सेवाग्रामला अभ्यासदौऱ्यावर निघाली आणि मीही गाडीत घुसलो. बापूकुटी शाळेच्या सहलीत पाहिली होती, पण तेव्हा सगळं लक्ष डब्याकडे!

या वेळी कळलं की इथे आधी रिक्वायरमेंट ठरली, मग डिझाईन. मार्च १९३६ मध्ये गांधीजींनी जमनालाल बजाजांना लिहिलं होतं की सेगावातल्या (हे सेवाग्रामचं जुनं नाव) झोपडीचा खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये. सामान आणि मजूर आसपासचेच. म्हणून मातीच्या भिंती, बांबू आणि वर कवेलू. आजची बापूकुटी तर मुळात मीराबेनसाठी बांधलेली.

पाच मैलांच्या आत मिळेल त्याच सामानाचं घर, हा गांधीजींचा विचार लॉरी बेकर यांनी मनावर घेतला. १९४० च्या दशकात मुंबईत दोघांची भेट झाली होती. पुढे बेकरनी केरळात विटांची कमी खर्चातली घरं बांधली. इकडे वर्ध्यात १९७६ साली देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. छपराला लाकूड परवडेना, तर कुंभाराने चाकावर घडवलेल्या निमुळत्या नळ्या एकीत एक अडकवून कमानीचं छत करायचं, ही तिथली युक्ती.

मी म्हटलं, "अरे, आपलं सिमेंट चंद्रपूरचं, वीज कोराडीची. म्हणजे आपणही लोकलच की!"

मित्र हसला. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. त्याचा स्लॅब मे महिन्यात दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. मग एसी, आणि एसीसाठी पुन्हा कोराडीचा कोळसा. इन्फिनिट लूप!

पण कुटीही फुकटात थंड राहत नाही, बरं का. भिंती लिंपायला आणि पावसाळ्याआधी कवेलू फेरायला दरवर्षी माणसं लागतात. आमच्या गावच्या घरी कवेलू फेरणारा मिळेना, म्हणून टिनाचे पत्रे टाकले. कटकट मिटली म्हणून सगळे खूश होतो. आता उन्हाळ्यात दुपारी तिथे आजीला बसवत नाही.

परतताना मित्राला विचारलं, "पुन्हा कवेलू टाकता येतील का रे?"

"कवेलू मिळतील," तो म्हणाला, "आधी फेरणारा शोध."