इब्न बतूताचा प्रवासखर्च

इब्न बतूता म्हटले की आपल्याला मुहम्मद तुघलकाचा दरबार आठवतो. शालेय इतिहासात तो तेवढ्यापुरताच येतो आणि निघून जातो. परंतु त्याच्या 'रिहला' या प्रवासग्रंथाकडे आणखी एका नजरेने पाहता येते. १४ जून १३२५ रोजी टँजियरमधील एक एकवीस वर्षांचा तरुण हजला जाण्यासाठी एकटाच घराबाहेर पडला. तो मायदेशी परतला १३४९ साली. त्याने आयुष्यात केलेला सारा प्रवास सुमारे १ लाख १७ हजार किलोमीटर भरतो, असा अंदाज केला जातो. तो काही शहजादा नव्हता, मोठा सौदागरही नव्हता. मग एवढा खर्च त्याला परवडला कसा? आजचा पाठपिशवीवाला तरुण जो हिशेब वहीत मांडतो, तोच हिशेब या सातशे वर्षांपूर्वीच्या मुसाफिराला मांडून पाहिला, तर तत्कालीन समाजाविषयी बरेच काही हाती लागते.

त्याच्याजवळची पहिली शिदोरी होती विद्या. काझींच्या घराण्यात जन्मलेल्या या तरुणाला मालिकी फिकह येत होता. ट्यूनिसमधून हजचा काफिला निघाला, तेव्हा काफिल्याचा काझी म्हणून त्याचीच नेमणूक झाली. म्हणजे ज्या वाटेवर इतरांचा पैसा खर्च होतो, त्या वाटेवर याला कामही मिळाले आणि मानही. पुढे दिल्लीत आणि मालदीव बेटांवरही हीच विद्या कामी आली. ओझे न होणारे आणि चोराला नेता न येणारे भांडवल ते हेच.

दुसरी सोय होती वाटेवरची. इजिप्तमधून शामकडे जाताना वाळवंटातील प्रत्येक मुक्कामावर जनावरांसह उतरण्यासाठी खान होता. बाहेर पाण्याची व्यवस्था आणि गरजेच्या वस्तूंचे दुकान असे. शहरात खानकाह आणि झाविया होत्या. पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढचा तो सदका, ही हदीस यजमानाला माहीत होती आणि पाहुण्यालाही.

या साऱ्याच्या मुळाशी होता वक्फ. १३२६ साली दमास्कसमध्ये पोहोचलेल्या इब्न बतूताने तेथील वक्फांची नोंद मोठ्या कौतुकाने केली आहे. ज्यांना हजला जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी वक्फ, गरीब मुलींच्या लग्नासाठी वक्फ, कैद्यांच्या सुटकेसाठी वक्फ, रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी वक्फ. आणि मुसाफिरांसाठी वेगळा वक्फ. त्यातून अन्न, कपडे आणि घरी पोहोचण्यापुरता खर्च मिळे. तेथेच त्याने एक प्रसंग पाहिला. एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. लोकांनी त्याला भांड्यांच्या वक्फाच्या व्यवस्थापकाकडे नेले, आणि तुकडे दाखवताच नव्या थाळीचे पैसे मिळाले. मालकाच्या मारापासून पोर वाचले. ही करुणा खरीच. पण पोर गुलामच राहिले, हेही आपण विसरता कामा नये.

अनातोलियात त्याला अखी मंडळी भेटली. हे कारागीर तरुण दिवसभर आपापला धंदा करीत आणि संध्याकाळी कमाई एकत्र आणून फळे व अन्न घेत. गावात मुसाफिर आला की त्याला जेवू घालत, आला नाही तर आपणच एकत्र जेवत. अंतालियात ज्याने त्याला जेवणाचे आमंत्रण दिले तो फाटक्या कपड्यांतला एक चांभार होता. याला कसे परवडणार, असे इब्न बतूताला वाटले. पण त्याच्यामागे सुमारे दोनशे कारागीर होते. लाडिक गावात तर दोन गटांनी त्याच्या घोड्यांचे लगाम धरले. हे लुटारू असावेत असे वाटून तो घाबरला. प्रत्यक्षात भांडण होते पाहुणा कोणी न्यायचा याचे! अखेर चिठ्ठ्या टाकून निकाल लागला.

आपल्या मुलखातूनही तो गेला आहे. दौलताबाद आणि नंदुरबार त्याने पाहिले. नंदुरबारच्या मराठ्यांची कारागिरी, त्यांचे वैद्य आणि ज्योतिषी, त्यांचा भात, भाजी आणि तिळाचे तेल यांचीही त्याने नोंद केली. पुढे मलबारात दर अर्ध्या मैलावर ओटे असलेला लाकडी निवारा होता. तेथे कोणत्याही धर्माच्या वाटसरूने बसावे. शेजारी विहीर आणि पाणी देणारा माणूस. मात्र हिंदू वाटसरूला पाणी भांड्यातून मिळे आणि मुसलमानाला ओंजळीत ओतून. तहान सर्वांची भागे. भांडे मात्र सर्वांचे नव्हते. आपल्या वाचकांना हे चित्र फार परके वाटू नये.

उतारवयाकडे झुकताना, १३५२ साली तो सहारा ओलांडून मालीत गेला. तेथील त्याचा सल्ला आजच्या प्रवाशानेही ऐकावा असा आहे. त्या वाटेवर शिधा नको आणि सोनेनाणेही नको. मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि थोडा मसाला जवळ असला की पुरे. गावात पोहोचताच बायका बाजरी, दूध, कोंबड्या घेऊन येतात आणि बदल्यात या वस्तू नेतात. जेथे जे दुर्मीळ, तेच तेथील नाणे.

मग हा माणूस काटकसरी होता काय? मुळीच नाही. सुलतानाला नजराणा दिला की तो अनेक पटींनी परत करतो, या भरवशावर त्याने व्यापाऱ्यांकडून उधारीवर माल घेतला. दिल्लीत वर्षाला १२,००० दिनार पगार असूनही कर्ज ५५,००० दिनारांवर गेले आणि ते शेवटी शाही खजिन्यातून फिटले. तो खजिना रयतेच्या करातून भरत होता. पुढे कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात जहाज बुडाले, तेव्हा त्याच्याजवळ दहा दिनार आणि अंथरायचे एक जाजम उरले. अशा वेळी त्याला तारले ते पुन्हा वाटेवरच्या अनोळखी माणसांनीच.

स्वस्त प्रवास हा कधीच फुकट नसतो. प्रवाशाचा जो पैसा वाचतो, तो दुसऱ्या कोणीतरी आधीच घातलेला असतो. चांभाराच्या संध्याकाळच्या कमाईतून, कोणा धनिकाने वक्फ केलेल्या दुकानाच्या भाड्यातून, विहिरीवर बसलेल्या माणसाच्या श्रमातून तो आलेला असतो. कुरआनाच्या सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत वाटसरूही आहे. हक्कदार, म्हणजे त्याला मिळते ती भीक नव्हे. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना भाकरी देणारी गावे हाच हिशेब वेगळ्या भाषेत मांडतात. हजची जहाजे १९९५ पर्यंत मुंबईहून सुटत होती, तोवर शहरातल्या मुसाफिरखान्यांनीही तो सांभाळला.

आज आपल्या गावातला वक्फ म्हटला की आपल्याला जमिनीचे भांडण आणि कोर्टाची तारीख आठवते. त्या जमिनीच्या उत्पन्नातून एखाद्या अनोळखी माणसाला एका रात्रीचा निवारा मिळतो का, हा प्रश्न मुतवल्लीला कोणी विचारत नाही. तो विचारला पाहिजे. आणि त्या निवाऱ्यातले पाण्याचे भांडे सर्वांसाठी एकच असले पाहिजे.