खानेसुमारीतील घर आणि चूल

प्रभू येशूचा जन्म एका शिरगणतीच्या दिवसांत झाला, हे संत लूकच्या शुभवर्तमानामुळे आपणां सर्वांस ठाऊक आहे. कैसर औगुस्ताच्या आज्ञेने योसेफ नाव नोंदविण्यासाठी बेथलेहेमास गेला आणि दिवस भरत आलेली पवित्र मरियाही त्याच्यासोबत गेली. सम्राटास आपल्या प्रजेचा आकडा हवा होता. त्या मातेच्या वाटचालीची व गव्हाणीची दखल त्याच्या दप्तराने घेण्याचे कारण नव्हते. राज्यकर्ता प्रजेला काय विचारतो, यावरून त्या काळचे घर आपणांस दिसते. आणि काय विचारीत नाही, यावरून त्या घरातील कोणाकडे त्याचे लक्ष नव्हते, हेही कळते.

आपल्याकडील जुनी माणसे जनगणनेला खानेसुमारी म्हणत. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थच घरांची मोजणी. मुंबई इलाख्यात १८७२ मध्ये अशी मोजणी झाली आणि हिंदुस्थानच्या बहुतेक भागांत एकाच रात्री मोजणी झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ रोजी. कोल्हापूर संस्थानही तीत होते. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. मोजणाऱ्यास चांदण्यात दारोदार फिरता यावे आणि जत्रा, लग्ने यांसाठी माणसे परगावी गेलेली नसावीत, असा विचार करूनच ही रात्र ठरवीत.

कोल्हापूरच्या उत्तरेस, पंचगंगेकाठी वसलेला कसबा बावडा आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि राजाराम साखर कारखान्यामुळे सर्वांना परिचित आहे. अशा गावातील एखाद्या घरापुढे १८८१ चा तो तक्ता उभा केला तर काय दिसते? नाव, वय, लग्न, धर्म, मातृभाषा, जन्मस्थान, धंदा, शिक्षण आणि व्यंग असे त्याचे प्रमुख रकाने होते. वयाचा रकाना भरणे सर्वांत अवघड. जन्मतारीख कोणाला ठाऊक असणार? दुष्काळाच्या आधीचा की नंतरचा, अशा खुणांवरून वय काढावे लागे. म्हणूनच जुन्या तक्त्यांत वीस, तीस, चाळीस अशा पूर्ण आकड्यांच्या वयाची माणसे वाजवीपेक्षा फार अधिक आढळतात.

लग्नाच्या रकान्याने तर समाजास आरसाच दाखविला. वयोगटांचे तक्ते तयार झाले तेव्हा दहा वर्षांखालील विधवांचाही आकडा छापावा लागला. ज्या मुलींचे दुःख माजघरात कोंडलेले होते, त्या निदान संख्येच्या रूपाने उजेडात आल्या. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला, तेव्हा प्रश्न किती घरांचा आहे हे सांगणारे तक्ते कित्येक वर्षे छापले जात होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. घर कशाला म्हणावे, हा प्रश्न खानेसुमारीपुढे आरंभापासून होता. १९२१ च्या सुमारास दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे: एका चुलीवर शिजलेले अन्न खाऊन एकत्र राहणारी माणसे, ते एक घर. आपल्या गावांतही भाऊ विभक्त झाले की चुली वेगळ्या झाल्या, असेच म्हणतात. १९५१ पासून कुटुंब हा शब्द रूढ झाला, तरी एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब, ही कसोटी कायम राहिली.

परंतु ही चूल पेटविणारीचे काय? आरंभीच्या खानेसुमारींत सूचना अशी होती की, घरातील स्त्रियांची नावे सांगण्यास हरकत असल्यास नुसते ‘स्त्री’ असे लिहावे. धंद्याच्या रकान्यातही तिची तीच गत. पहाटे म्हशीची धार काढणारी, गोठा झाडणारी, उसात भांगलण करणारी, परत येऊन भाकरी थापणारी बाई अनेकदा कोणताच धंदा नसलेली ठरे. १९५१ मध्ये माणसांची स्वावलंबी, कमावते आश्रित व न कमावते आश्रित अशी वर्गवारी झाली. पुढे घरकाम करणारी काम न करणाऱ्यांत गणली गेली. ज्या चुलीवरून घर ओळखायचे, तिच्यापाशी राबणारी मात्र आश्रित! १९९१ च्या प्रश्नावलीत कामाच्या प्रश्नापुढे, स्वतःच्या शेतावरील अथवा घरच्या धंद्यातील बिनपगारी कामासह, असा खुलासा छापण्यात आला. चार शब्दांची ही भर; पण तिने पुष्कळ स्त्रियांना कामकरी म्हणवून घेण्याचा हक्क दिला.

त्याच वर्षी स्वयंपाकाचे इंधनही विचारले गेले. २००१ मध्ये पिण्याचे पाणी आवारात, जवळ की लांब, हे विचारण्यात आले. हे प्रश्न वरवर रुक्ष दिसतात; पण त्यांत धुराने चुरचुरणारे डोळे आणि डोईवरच्या घागरीचे अंतर आहे.

एका रकान्यात मात्र मातेस पूर्ण मान मिळाला. मातृभाषा म्हणजे बालपणी आईने ज्या भाषेत आपल्याशी बोलावे ती, अशी व्याख्या आहे. गोव्याकडून येऊन कोल्हापुरी स्थिरावलेल्या कोकणीभाषक कुटुंबांनी हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

ख्रिस्तसभेलाही नोंदीचे महत्त्व पूर्वीपासून ठाऊक आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहाची व बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवण्याचा नियम केला. धर्मग्रामाच्या नोंदवहीत बालकाच्या मातेचे नाव पित्याच्या नावाशेजारी येते, धर्ममातेचेही येते. मात्र बऱ्याच जुन्या नोंदवह्यांत व्यवसाय लिहिला जाई तो पित्याचाच. मत्तयच्या शुभवर्तमानात भाकरींच्या चमत्कारानंतर पाच हजार पुरुष मोजले गेले, स्त्रिया व मुले त्या आकड्याबाहेर राहिली. पण भाकरी त्यांनाही मिळाली. प्रभूच्या पंक्तीला आकड्याची अट नव्हती.

महामारीमुळे २०२१ ची जनगणना लांबली. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला आहे. उत्तरे बहुधा घरातील कर्ता पुरुष देतो. आमची कुटुंबांना एवढीच विनंती आहे की, कामाचा प्रश्न येईल तेव्हा “ती घरीच असते” असे म्हणून मोकळे होऊ नये. शेतात, गोठ्यात, दुकानात ती जे करते ते सांगावे. आणि शक्य तर तिचे उत्तर तिलाच देऊ द्यावे.