वेगाच्या आकड्यामागचा दुसरा आकडा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने, म्हणजे व्हीएसएनएलने, सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं. सुरुवात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांपासून झाली. वैयक्तिक ग्राहकाला २५० तासांसाठी ५,००० रुपये मोजावे लागत आणि त्यात ९.६ केबीपीएस वेग मिळे. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त खातं होतं, पण त्यात पडद्यावर फक्त अक्षरं उमटत, चित्र दिसत नसे. टेलिफोनच्या तारेला मॉडेम जोडायचा, नंबर फिरवायचा आणि लाइन लागण्याची वाट पाहायची. नेट चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज.

त्या वेगाचा आजच्या मापाने हिशोब करून पाहण्यासारखा आहे. अडीचशे तास लाइन एकदाही न तुटता पूर्ण वेगाने चालली, तरी एकूण एक जीबीच्या थोडीच वर माहिती घरात येऊ शकत होती. आज फुल एचडी चित्रपटासाठी ५ एमबीपीएस वेग सुचवला जातो. त्या वेगाने तासाला सव्वादोन जीबी लागतात. म्हणजे पाच हजार रुपयांच्या त्या खात्यात अर्ध्या तासाचाही चित्रपट बसला नसता.

घरगुती इंटरनेटची ही कहाणी सहसा वाढत्या आकड्यांची कहाणी म्हणून सांगितली जाते: किलोबिट, मग मेगाबिट, मग गिगाबिट. पण ती अर्धीच आहे. ग्राहकाला दाखवलेल्या वेगाच्या आकड्यामागे प्रत्येक काळात आणखी एक आकडा होता आणि घरात व्हिडिओ चालणार की अडखळणार हे ठरायचं त्या मागच्या आकड्यावर. १९९५ साली तो तासांचा होता.

१९९८च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि सत्यम इन्फोवे, म्हणजे पुढे सिफी, मैदानात उतरली. मॉडेम ५६ केबीपीएसपर्यंत पोचले. रिअलप्लेअरच्या छोट्याशा चौकटीत व्हिडिओ हलू लागला खरा, पण मिनिटभराच्या क्लिपसाठी कितीतरी मिनिटं बफरिंग पाहत बसावं लागे. सिनेमा घरात यायचा तो व्हीसीडीवरून. व्हीसीडीच्या चित्रालाच सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट लागत, म्हणजे डायल-अपच्या कमाल वेगाच्या वीसपट. ही दरी टेलिफोनच्या साध्या मॉडेमने भरून निघणारी नव्हती.

मुंबई-पुण्यात ती आधी बुजवायला घेतली केबलवाल्यांनी. हॅथवेसारख्या कंपन्यांनी टीव्हीच्या केबलमधून इंटरनेट द्यायला सुरुवात केली, सिफीने स्थानिक केबलचालकांशी हातमिळवणी केली. गल्लोगल्लीच्या छोट्या चालकांनी तर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लॅनची वायर टाकून जिन्यात स्विचची पेटी बसवली. या जाळ्याचा सगळा भार माणसांवर होता. शेजारच्या इमारतीची वीज गेली की तिथला स्विच बंद पडे आणि पुढच्या चार इमारतींचं नेट जाई. पावसाळ्यात वीज कडाडली की लॅन कार्ड जळत. तक्रार करायची तर कुठला टोल-फ्री नंबर नव्हता, नाक्यावरचं ऑफिस होतं आणि शिडी खांद्यावर घेऊन येणारा वायरमन होता. देशाच्या दूरसंचार इतिहासात या माणसांना फार थोडी जागा मिळाली आहे. ब्रॉडबँडचं धोरण कागदावर उतरण्याआधी शहरी मध्यमवर्गाला चोवीस तास चालू असलेल्या नेटची सवय त्यांनी लावली.

धोरण आलं ऑक्टोबर २००४ मध्ये. त्याने ब्रॉडबँडची व्याख्या केली: सतत चालू असलेली आणि किमान २५६ केबीपीएस वेग देणारी जोडणी. २०१०पर्यंत दोन कोटी ग्राहकांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. मात्र एक महत्त्वाची गोष्ट त्यात राहून गेली. घरोघरी पोचलेल्या तांब्याच्या टेलिफोन तारा जवळजवळ सगळ्या बीएसएनएल आणि एमटीएनएल या सरकारी कंपन्यांच्या हातात होत्या. या तारा इतर कंपन्यांनाही वापरू द्याव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने केली होती. धोरणाने ती मानली नाही. ती मानली असती तर स्पर्धा कदाचित बरीच आधी घराच्या दारात आली असती. २०१० संपलं तेव्हा ग्राहकसंख्या उद्दिष्टाच्या जेमतेम निम्म्यावर होती.

तरीही जानेवारी २००५ मध्ये सुरू झालेल्या बीएसएनएलच्या ‘डेटावन’ने आणि मुंबई-दिल्लीतल्या एमटीएनएलच्या ‘ट्रायबँड’ने घराघरात फरक पाडला. फोन आणि नेट एकाच तारेवर एकाच वेळी चालू लागले. इथे मागचा आकडा होता एमबीचा. प्लॅनमध्ये मोजकाच डेटा असे आणि तो ओलांडला की जादा एमबीचे वेगळे पैसे. महिन्याअखेर आलेलं बिल पाहून हादरलेली घरं तेव्हा पुष्कळ होती. त्यावरचा तोडगा बीएसएनएलच्या ‘होम ५००’ प्लॅनमध्ये सापडला: पहाटे दोन ते सकाळी आठ कितीही वापरा, मोजणी नाही. कॉलेजातली मुलं गजर लावून दोनला उठत, डाउनलोड लावत आणि पुन्हा झोपत. गणित सोपं होतं. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट, सहा तासांत सुमारे ६९० एमबी. म्हणजे एका रात्रीत बरोबर एक सीडी, एक चित्रपट.

१ जानेवारी २००७पासून बीएसएनएलने त्याच पैशांत वेग २ एमबीपीएसपर्यंत वाढवला. त्यातलं ‘पर्यंत’ महत्त्वाचं होतं. तांब्याच्या तारेवरचा वेग टेलिफोन एक्स्चेंजपासूनच्या अंतराबरोबर घटतो. एक्स्चेंजच्या शेजारच्या सोसायटीला जे मिळे, ते चार किलोमीटरवरच्या वसाहतीला मिळत नसे. शिवाय एकच वाहिनी अनेक घरांत वाटली जाई. ट्रायने २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी या वाटपाची मर्यादा १:५० ठरवली. सकाळी सगळ्या इमारतीचे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यावर जसं करंगळीएवढं पाणी येतं, तसं संध्याकाळी नेटचं होई. २०१० साली आयपीएलचे सामने यूट्यूबवर थेट दाखवले गेले. लाखो घरं एकाच वेळी एकच गोष्ट पाहायला बसली की वाटपाचा आकडा किती निर्णायक ठरतो, हे तेव्हा कळलं.

या अडखळण्यातून सुटका फक्त वेगाने झाली नाही. व्हिडिओ दाबून लहान करण्याचं शास्त्रही पुढे गेलं. २००३ साली आलेल्या एच.२६४ पद्धतीने तेच चित्र कमी बिट्समध्ये बसवलं. २००९ साली ॲपलने एचएलएस आणलं. त्यात व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जात तयार ठेवला जातो आणि त्या क्षणी लाइन कशी आहे हे पाहून प्लेअर योग्य तुकडा मागवतो. अशा पद्धती रुजल्या, तशी लाइन मंदावली की गोल चक्र फिरण्याऐवजी चित्र थोडं धूसर होऊ लागलं. प्रेक्षकाने ही तडजोड आनंदाने स्वीकारली.

६ जानेवारी २०१६ रोजी नेटफ्लिक्स भारतात आलं. ५००, ६५० आणि ८०० रुपयांचे तीन प्लॅन होते आणि ८०० रुपयांच्या प्लॅनमध्ये फोर-के चित्र मिळे. त्यासाठी कंपनी तेव्हा २५ एमबीपीएस वेग सुचवत होती. त्या दिवशी भारतातली ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या होती ५१२ केबीपीएस; २०१३ मध्ये ती २५६ वरून तिथवर आणली होती. फरक जवळजवळ पन्नासपट. प्रेक्षक मात्र धोरणासाठी थांबला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची फोर-जी सेवा सुरू झाली आणि व्हिडिओ तळहातावर आला. ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीची ‘कास्टिंग काऊच विथ अमेय अँड निपुण’ ही मराठी वेबमालिका याच वर्षातली. मराठीत थेट यूट्यूबसाठी मालिका करता येते आणि तिला प्रेक्षक मिळतो, हे तिने दाखवून दिलं.

घरात फायबर मोठ्या प्रमाणावर पोचला त्यानंतर. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबरचा सर्वांत स्वस्त प्लॅन ६९९ रुपयांत १०० एमबीपीएसचा होता, पण डेटा मुळात १०० जीबी. फोर-केच्या आजच्या मापाने पंधरा तासांत तो संपतो आणि पुढे वेग घसरतो. वर्षभरातच, ऑगस्ट २०२०च्या अखेरीस, ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसचा प्लॅन आला आणि मर्यादा गेली ३,३०० जीबीवर. रोज सोळा तास फोर-के चित्र पाहिलं तरी एवढा डेटा महिनाभर पुरतो. मागचा आकडा आता कुटुंबाच्या गरजेच्या पलीकडे गेला.

या दोन प्लॅनच्या मध्ये मार्च २०२०ची टाळेबंदी येऊन गेली. नेटवर्कवरचा भार कमी करण्यासाठी स्ट्रीमिंग कंपन्यांनी १४ एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर ४८०पी पेक्षा वरचं चित्र न देण्याचं मान्य केलं. त्याच काळात घरोघरी आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे अपलोडचा वेग. तोवर तो कोणी विचारतच नव्हतं. ऑनलाइन शाळा आणि ऑफिसच्या मीटिंग सुरू झाल्यावर आपला चेहरा आणि आवाज पलीकडे पोचायचा तर तोही लागतो, हे पालकांना आणि मुलांना एकदमच उमगलं.

सरकारी व्याख्या २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. नेटफ्लिक्स साध्या ७२०पी एचडीसाठीही ३ एमबीपीएस सुचवतं. म्हणजे कागदावरचं ब्रॉडबँड आजही एका टीव्हीला पुरत नाही, तर बाजारातली जाहिरात थेट ३०० आणि ५०० एमबीपीएसची असते. प्रत्यक्ष गरज या दोहोंच्या मध्ये आहे. एका फोर-के टीव्हीला १५, दोन मोबाइलवर फुल एचडीला प्रत्येकी ५ आणि एका व्हिडिओ मीटिंगला चार धरले, तर बेरीज ३०च्या आत राहते. चारपाच माणसांच्या घराला ५० एमबीपीएस अगदी ऐसपैस होतात. त्यावरचे पैसे बहुतेक घरांत वाया जातात, कारण अडचण आता वायरीत कमी आणि वायफायमध्ये जास्त असते. दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राउटर एकाच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गर्दी करतात आणि आतल्या खोलीत पोचेपर्यंत १०० चे १५ उरतात.

म्हणून प्लॅन बदलण्याआधी रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, आधी राउटरला वायर जोडून आणि मग वायफायवर, वेग मोजून पाहावा. वायरीवर पुरेसा आणि खोलीत अपुरा मिळत असेल तर प्लॅन तोच ठेवून राउटरची जागा बदलावी किंवा टीव्हीला वायर जोडावी. नवीन जोडणी घेणाऱ्यांनी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: अपलोड किती, डेटाची मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती. उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय वर्षभराचे पैसे एकदम भरू नयेत.